अस्त्र आवरण्याची विद्या

वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्या धाकट्या चिरंजीवांचा गुडघा फुटला. निमित्त किल्ल्याचे. अंगणाच्या कोपऱ्यात दरवर्षीप्रमाणे दगडविटांवर जुनी पोती टाकून, वर चिखल थापून किल्ला उभा राहत होता. बुरूज झाले होते, अळीव पेरून झाले होते, आणि महादरवाजात उभा करायचा मातीचा पहारेकरी आणायला म्हणून स्वारी जी धावली ती पायरीवरून थेट खाली. रक्त पाहून त्याने जो सूर लावला, तो ऐकून आळीतले इतर किल्लेदारही हातचा चिखल टाकून धावून आले. मी औषधांची पेटी काढली आणि माझ्या लहानपणापासून चालत आलेला इलाज केला. तपकिरी बाटलीतले हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेवर ओतले. पांढरा फेस फसफसून वर आला.

"बघ, सगळे जंतू मेले!" मी विजयी मुद्रेने म्हणालो.

"मामा, जंतू मेले की नाही कोण जाणे," पाठीमागून आवाज आला. "पण तो फेस काही जंतूंचा नाही. त्याच्या स्वतःच्या रक्ताचा आहे."

आमची भाची पुण्याला एका कॉलेजात जीवाणुशास्त्र शिकवते. दिवाळीला आजोळी आली की पहिले दोन दिवस ती मामीला चकल्या करू लागते आणि तिसऱ्या दिवसापासून आम्हां सर्वांना शिकवू लागते. यंदा शिकवणी जरा लवकर सुरू झाली. तिने सांगितले ते असे. आपल्या रक्तात कॅटलेझ नावाचे एक विकर असते. पेरॉक्साइड समोर आले की ते त्याचे पाणी आणि प्राणवायू करून टाकते. फेस म्हणजे तो प्राणवायू. म्हणजे मी ऐटीने ओतलेले विष मुलाचे शरीर निमूटपणे मोडून टाकीत होते! आणि विष म्हणायचे ते एवढ्याचसाठी, की जंतू कोणते आणि आपल्या पेशी कोणत्या, हा भेद त्याला करता येत नाही. म्हणून आता डॉक्टर मंडळी जखमेला वाहते पाणी आणि साबण पुरे म्हणतात. बाटली परत पेटीत गेली. पण जाता जाता भाचीने जे एक वाक्य टाकले, ते माझ्या डोक्यात राहून गेले. "जंतूंजवळसुद्धा कॅटलेझ असतं, मामा. आणि ते केव्हा करायचं आणि केव्हा थांबवायचं, हे त्यांना बरोबर कळतं."

कळते? कोणाला कळते? ज्याला डोके नाही, डोळे नाहीत, ज्याची लांबी एका मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाइतकी, त्याला केव्हा थांबावे हे कळते, आणि मला कळले नव्हते. हा दुसरा भाग मी तिच्यापाशी बोललो नाही. पण पुढच्या दोन रात्री, फराळाच्या ताटाभोवती बसून, मी तिच्याकडून ते सारे काढून घेतले. शास्त्राशी माझी सोयरीक शाळेच्या पुस्तकापुरती. तेव्हा खाली जे लिहितो आहे त्यात बरोबर असेल ते तिचे, आणि घसरगुंडी असेल ती माझी.

पहिली गोष्ट अशी की हे विष बाहेरून यावेच लागते असे नाही. हवेत वाढणारा जिवाणू श्वास घेतो, आणि त्या श्वासातूनच ते तयार होते. प्राणवायूचा कण अन्न जाळण्याच्या कामात नीट वापरला गेला तर त्याचे पाणी होते. पण कामाच्या धांदलीत काही कण अर्धवट राहतात. कधी त्यांचे सुपरऑक्साइड होते, कधी हायड्रोजन पेरॉक्साइड. पेरॉक्साइडची गाठ पेशीतल्या मोकळ्या लोहाशी पडली की त्यातून फार उग्र असा कण निघतो आणि तो जे समोर येईल त्याला चावतो. आनुवंशिकतेचा धागासुद्धा त्यातून सुटत नाही. लोह आणि पेरॉक्साइड यांच्या या संगतीचा गुण हेन्री फेंटन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८९४ सालीच नोंदवला होता. पृथ्वीच्या हवेत सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी प्राणवायू साठू लागला, आणि तेव्हापासून जो जो जीव त्याच्या आधाराने जगू लागला, त्या प्रत्येकाला हा व्यवहार मान्य करावा लागला. जो वायू जगवतो तोच गंज चढवतो. संसारी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जिवाणू घ्या. तो हवेत वाढत असताना त्याच्या पोटात दर सेकंदाला पेरॉक्साइडचे हजारो कण तयार होतात. घरकामाला ठेवलेली विकरे ते झाडून काढीत असतात, इतकी तत्परतेने की कोणत्याही क्षणी पाहावे तर पेशीत जेमतेम दहाबारा कण शिल्लक असतात. दहाबारा, पण शून्य नव्हेत. आणि या दहाबारांसाठी जिवाणू आरडाओरडा करीत नाही. केर रोज असतो, रोज काढायचा असतो. हा आकडा शंभराच्या घरात गेला, की मात्र हाक उठते.

ती हाक कोण देतो, हे ऐकण्यासारखे आहे. पेशीत ऑक्सीआर नावाचे एक प्रथिन पहाऱ्यावर असते. ३०५ दुव्यांची ही साखळी. तिच्यातल्या १९९व्या आणि २०८व्या जागी गंधकाचा एकेक अणू आहे. एरवी हे दोघे एकमेकांपासून दूर, तोंडे फिरवून बसलेले असतात. पेरॉक्साइडचा कण आला की तो १९९व्या जागेवरच्या गंधकाला डसतो, आणि तो डसलेला गंधक जाऊन दुसऱ्याला मिठी मारतो. दोन हात असे जुळले की साऱ्या साखळीचा आकार पालटतो, आणि त्या नव्या आकारात ऑक्सीआर जनुकांच्या धाग्यावर ठराविक जागी घट्ट बसून पेशीच्या यंत्राला बोलावतो: इथले वाचा, इथले वाचा. जनुके तिथे पूर्वीपासून असतातच, फक्त मिटलेली. आता ती उघडून वाचली जातात आणि त्यांच्याबरहुकूम प्रथिने बनू लागतात. पेरॉक्साइड पुरेसे असेल तर गंधकाची ही मिठी पडायला अर्धे मिनिटही लागत नाही. म्हणजे पहारेकरी वेगळा आणि दवंडी पिटणारा वेगळा, अशी इथे व्यवस्था नाही. घाव ज्याच्यावर पडला, त्या घावानेच त्याला वाचा फुटते.

या शोधाची पहिली मोठी पायरी १९८५ सालची. अमेरिकेत बर्कले येथे ब्रूस एम्स यांच्या प्रयोगशाळेत मायकेल ख्रिस्टमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सॅल्मोनेला या जिवाणूवर प्रयोग केले. आधी पेरॉक्साइडची थोडी, सोसेल इतकी मात्रा दिली, आणि मग जीवघेणी मात्रा दिली, तर जिवाणू तगून राहत. आधीची थोडी मात्रा नसेल तर मरत. या तयारीच्या काळात ३० प्रथिनांचे उत्पादन वाढते असे त्यांना आढळले.

हे ऐकताच मी ताडकन म्हणालो, "बघ! हेच तर आम्ही मास्तर लोक म्हणतो. लहानपणी थोडं सोसलं, की मोठेपणी निभावून नेता येतं."

भाची शांतपणे शंकरपाळे खात होती. "मामा, मात्रा किती ते विसरलात. जरा जास्त झाली तर पहिल्याच मात्रेला मरतात ते. आणि ही तयारी जन्मभर टिकत नाही. धोका गेला की थोड्या वेळात ती उतरते. जिवाणू काही कणखर होऊन बसत नाही. तो पुन्हा होता तसा होतो."

मला हे मानवले नाही. थोडा वेळ मी वादही घातला. पण खरे सांगायचे तर, माझे तत्त्वज्ञान मोडल्याचे दुःख मला फारसे झाले नाही, कारण मी दुसऱ्याच गोष्टीत अडकलो होतो. 'ती उतरते.' कोण उतरवते?

इथे मला या साऱ्या प्रकरणाचा गाभा सापडला असे वाटते. ऑक्सीआरने हाक दिल्यावर जी प्रथिने बनतात, त्यांत कॅटलेझ असते. पेरॉक्साइड मोडणारे आणखी एक विकर असते. डीपीएस नावाचे एक प्रथिन असते, ते मोकळ्या लोहाला आपल्या पोटात कोंडून घेते आणि आनुवंशिकतेच्या धाग्याला झाकून बसते. ही झाली ढाल-तलवार. पण त्याच यादीत, त्याच हाकेने, ग्लुटारेडॉक्सिन नावाचे एक लहानसे प्रथिनही बनते. त्याचे काम काय? तर ऑक्सीआरच्या त्या दोन गंधकांची मिठी सोडवणे! म्हणजे धोका आला अशी आरोळी देतानाच जिवाणू ती आरोळी थांबवणारा माणूसही कामावर घेतो. कॅटलेझ पेरॉक्साइड संपवते, ग्लुटारेडॉक्सिन गंधकाचे हात सोडवते, आणि पाचदहा मिनिटांत पहारेकरी पूर्ववत तोंड फिरवून बसतो. गंधकाच्या या मिठीचे आणि सुटण्याचे कोडे गिझेला स्टोर्झ आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली उलगडले. भाचीने एका जुन्या वहीच्या पाठीवर मला त्याचे चित्र काढून दिले. दोन बाण होते, एक जाणारा आणि एक त्याच्याच शेपटाकडे परत येणारा.

ते चित्र पाहताना मला अश्वत्थामा आठवला. सौप्तिक पर्वातली ती कथा आपण सर्वांनी ऐकलेली असते. रात्री झोपेत पांडवांच्या मुलांची कत्तल करून अश्वत्थामा पळाला आणि गंगेकाठी व्यासांच्या आश्रमात सापडला. समोर भीम, कृष्ण, अर्जुन पाहताच त्याने एक गवताची काडी उचलली आणि तिच्यावर ब्रह्मशिर अस्त्राची योजना केली. अर्जुनानेही तेच अस्त्र सोडले. दोन्ही अस्त्रांच्या मध्ये नारद आणि व्यास येऊन उभे राहिले. दोघांनाही आज्ञा झाली, अस्त्र परत घ्या. अर्जुनाने ते परत घेतले. अश्वत्थाम्याला घेता येईना. त्याला सोडायचे ठाऊक होते, आवरण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी नव्हते. शेवटी ते अस्त्र कुठे तरी पडायलाच हवे, म्हणून ते उत्तरेच्या गर्भावर गेले. ज्याचा युद्धाशी काही संबंध नाही, जो अजून जन्मलाही नाही, त्याच्यावर! कथाकाराला नेम कुठे धरायचा हे चांगले माहीत होते. अस्त्र परत घेण्याला संस्कृतात उपसंहार असाच शब्द आहे. आम्ही तो निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदाला चिकटवून टाकला आणि मुलांना पाच गुणांसाठी लिहायला लावला.

आता माझी गोष्ट. सुमारे चौदा वर्षांपूर्वी मी एका गावच्या शाळेत होतो. शाळेचे नाव सांगत नाही, कारण चूक शाळेची कमी आणि माझी जास्त होती. सहलीसाठी मुलांकडून पैसे गोळा केले होते, १८५० रुपये, आणि ते माझ्या ताब्यात होते. एका शनिवारी ते सापडेनात. चोरीच, दुसरे काय? मीच मुख्याध्यापकांना सुचवले की सुटताना दप्तरे तपासावीत. फाटकाजवळ एक टेबल मांडले. मुले रांगेत उभी राहिली, एकेकाने दप्तर टेबलावर उलटे करायचे. कोणी ठरवले नव्हते, पण रांगेत पुढे कोण उभे राहिले? गावाबाहेरच्या पालांतून येणारी दोन मुले. त्यांची दप्तरे आधी, आणि जरा जास्त वेळ. १८७१ साली इंग्रज सरकारने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. आपण तो १९५२ साली रद्द केला. कागदावरचा कायदा रद्द झाला, म्हणजे फाटकाजवळ उभ्या असलेल्या मास्तरच्या नजरेतला रद्द झाला असे नव्हे. मास्तर मी होतो.

दप्तरांत पैसे सापडले नाहीत. पुढच्या शनिवारी पुन्हा तपासणी, त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा. पैशांचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो, पण तपासणीचे काय झाले ते असे, की ती सुरूच राहिली. एक महिना झाला, एक वर्ष झाले. नवे शिक्षक आले, त्यांना ती शाळेची शिस्त वाटली. पालकांच्या सभेत कोणी तरी तिचे कौतुकही केले. पोरांनी आपल्या परीने शोध लावले. गोट्या, चिंचा, कोणाची तरी चिठ्ठी असला ऐवज शनिवारी दप्तरात ठेवायचाच नाही, कुंपणाबाहेरच्या लिंबाच्या ढोलीत ठेवायचा. तपासणीने मुले प्रामाणिक झाली नाहीत, लपवण्यात मात्र तरबेज झाली. सहा वर्षे हे चालले. बंद झाले ते कोणाच्या शहाणपणाने नव्हे. शाळेत मतदान केंद्र लागले, ते टेबल कुठल्याशा खोलीत हलवले गेले आणि परत फाटकाशी आलेच नाही.

१९८५ सालच्या त्या प्रयोगांत एक विशेष जिवाणू होता. त्याच्या ऑक्सीआरमध्ये असा काही बदल झालेला होता की पहारेकरी कायमचा जागा. पेरॉक्साइड असो वा नसो, त्या ३० पैकी ९ प्रथिने तो भरमसाट बनवीत राही. साहजिकच पेरॉक्साइडला तो दाद देत नसे. हे ऐकून मी म्हणालो, "मग सगळेच जिवाणू तसे का झाले नाहीत? कायमचं सुरक्षित असणं वाईट का?"

"प्रत्येक प्रथिन बनवायला खर्च येतो मामा. खाणंपिणं, वाढणं, दोनाचे चार होणं, हे सगळं त्याच पैशांतून चालायचं असतं. आणि लोह कोंडून ठेवलं की धोका टळतो, पण लोहाशिवाय पेशीची कितीतरी कामं अडतात. शत्रू दारात असेल तर परवडतं. रोज कसं परवडेल?"

क्षयाच्या जंतूची हकीकत तर याहून विलक्षण. त्याचा ऑक्सीआर केव्हाच मोडून पडला आहे. त्याच्या जनुकाचे नुसते अवशेष उरले आहेत. पण कॅटलेझची ढाल मात्र त्याच्यापाशी आहे. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळून त्याच्यावर सुपरऑक्साइड आणि पेरॉक्साइडचा मारा करतात, त्याच्यापुढे ती ढाल कामी येते. १९५२ सालापासून क्षयावर आयसोनियाझिड हे औषध वापरात आले. ते इतके गुणकारी का, याचा मोठा उलगडा १९९२ साली झाला. हे औषध मुळात जंतूला विषारी नसतेच. जंतूची ती ढाल, ते कॅटलेझच, त्याचे विषात रूपांतर करते. राखणदारानेच दार उघडावे तसे. म्हणून जे जंतू या औषधाला जुमानत नाहीत, त्यांतल्या पुष्कळांनी आपली ढाल मोडून टाकलेली असते, किंवा तिच्यात नेमका फरक केलेला असतो. आणि ढाल गेल्यावर पेरॉक्साइडचे काय, म्हणून काही जण ते मोडणारे दुसरे विकर जास्त बनवू लागतात. आमच्या मुलांच्या लिंबाच्या ढोलीची मला इथे आठवण झाली. भाचीला उपमा पसंत पडली नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरे झाले असते. जिवाणूला शहाणा ठरवून, मला मूर्ख ठरवून, लेख संपवता आला असता. पण तिसऱ्या रात्री भाचीने त्या सोयीच्या निष्कर्षाला सुरुंग लावला. जिवाणूंजवळ आणखी एक पहारेकरी असतो, सॉक्सआर. त्याच्यापाशी गंधकाच्या जोडीला लोहाचे अणू असतात. सुपरऑक्साइड वाढवणारी काही रसायने पेशीत शिरली की तो जागा होतो. त्याच्या हाकेने जी सामग्री निघते तिच्यात पेशीत शिरलेली नको ती द्रव्ये बाहेर उपसून टाकणारे पंपही असतात. हा पहारेकरी कायमचा जागा राहिलेले जिवाणू शास्त्रज्ञांना प्रयोगशाळेत तर सापडलेच, पण रोग्याच्या शरीरातून घेतलेल्या सॅल्मोनेलातही सापडले. तसा एक दाखला २००१ साली प्रसिद्ध झाला. रोग्याला औषधे चालू होती, आणि औषधाच्या माऱ्यात तोच जिवाणू टिकला ज्याचा पहारा कधी उठतच नव्हता.

"म्हणजे कायम जागं राहणं हा दोष नाही?" मी विचारले.

"मारा कायम असेल तर नाही. मग तेच शहाणपण."

मला उत्तर सुचेना. ज्याने हाक दिली आणि थांबवली नाही, त्याचा पहारा वेगळा. ज्याच्यावर रोज मारा होतो आणि म्हणून ज्याला डोळा मिटता येत नाही, त्याचा पहारा वेगळा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. दोघेही संशयी, दोघेही हत्यार हातात धरून बसलेले. पहिल्याने विचारायचे असते, धोका अजून आहे का? दुसऱ्याला तो प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्याच्यावर मारा कोण करतो आहे, हे आधी पाहावे लागते. इतकी वर्षे मी वर्गात 'मोकळेपणाने बोला, घाबरता कशाला' असे म्हणत आलो, आणि काही मुले तरीही बोलत नसत, तेव्हा मी त्यांना घुमी म्हणत असे.

आता कोणी विचारील, जिवाणूपासून का कोठे नीती शिकायची असते? शंका रास्त आहे. भाचीनेही ती काढली. ऑक्सीआर काही क्षमाशील नाही. ते दोन गंधकांचे जुळणे आणि सुटणे आहे. शिवाय सॅल्मोनेला ही विद्या वापरतो ती आपल्याच पांढऱ्या पेशींविरुद्ध, आपल्याच पोटात. तिला सद्गुण म्हणावे तर तो सद्गुण टायफॉइडच्या जातभाईचा! मी हे कबूल करतो. जिवाणू थांबतो त्यात त्याचे पुण्य नाही, कारण न थांबण्याची मोकळीक त्याला नाही. ती मोकळीक आपल्याला आहे. जिवाणूच्या पेशीत ग्लुटारेडॉक्सिन आपोआप बनते. आमच्या शाळेत ते कोणाला तरी बनवावे लागले असते. कोणी तरी उठून म्हणायला हवे होते की टेबल उचला. मी वर्षानुवर्षे त्या टेबलाशेजारी उभा होतो आणि मला वाटत होते की ते उचलणे मुख्याध्यापकांचे काम आहे. मुख्याध्यापकांना बहुधा वाटत असावे की ज्याने मांडले तो उचलील.

गेल्या उन्हाळ्यात एस. टी. स्टँडवर एक तरुण माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि वाकून नमस्कार केला. पालांतल्या त्या दोघांपैकी हा धाकटा. आता एका दुकानात कामाला असतो, लग्न झाले आहे, मुलगी बालवाडीत जाते. मला फार आनंद झाला. त्याच्या खांद्याला पिशवी होती. गप्पा मारता मारता त्याने ती खांद्यावरून उतरवली, तोंड उघडून माझ्यापुढे धरली, आणि हसत म्हणाला, "गुरुजी, दाखवू का?"

त्याच्या मनात काही आकस नव्हता. थट्टाच होती ती. मी पण हसलो. नंतर गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आले की पिशवी त्याने आधी उघडली होती आणि थट्टा नंतर सुचली होती.

भाची पाडव्याला गेली. जाताना मी तिला हे सगळे सांगितले, पैशांचे राहिलेलेसुद्धा. तिने एकच विचारले, "हाक सगळ्यांसमोर दिली होती ना मामा? मग थांबवली कुणासमोर?"

हा अंक त्या गावच्या वाचनालयात दरवर्षी घेतात. म्हणून इथे लिहितो. त्या वर्षी सहलीचे पैसे चोरीला गेलेच नव्हते. तिसऱ्या आठवड्यात, एका सोमवारी, वर्गातल्या कपाटाचा वरचा खण अडकला म्हणून मी तो ओढून बाहेर काढला. खणाच्या मागे, कपाटाच्या पाठीला टेकून, रुमालात बांधलेले १८५० रुपये पडलेले होते. रुमाल माझा होता. मी ते मुख्याध्यापकांच्या हाती दिले. "आता कशाला उगाच बोलायचं?" ते म्हणाले, आणि मलाही ते बरे वाटले. मुलांना आम्ही सांगितले नाही.